लातूरपर्यंतची सीट

८ मार्च, शनिवार. लातूर, दुपारी १२
नांदेड ते लातूर एकशे चाळीस किलोमीटर. वेळ तीन तास वीस मिनिटं. थांबे चार. एकही चहासाठी नाही, चारही बुडासाठी. गाडीवरून उतरलो आणि पाच मिनिटं सरळ होता आलं नाही. लुंबिनीनं आजीला आत जाऊन सांगितलं की पप्पा आले, पण खाली काहीतरी शोधून राहिलेत.

महामायानं आज विषय काढलाच. सहा वर्षं झाली, ती इथं दवाखान्यात स्टाफ नर्स, मी अर्धापूरच्या पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर, राहायला नांदेडात खोली. आता सासूबाईंचे गुडघे गेले. महामायाला नाइट लागली की दहा वर्षांच्या पोरीकडं बघायचं कोणी? म्हणाली, जूनच्या आत तुम्ही इकडं या. पती-पत्नी एकत्रीकरणाचा बदलीचा अर्ज तिनं स्वतः भरून ठेवला होता. तिच्या ऑफिसचं प्रमाणपत्र जोडलेलं. खाकी लिफाफा, वर तिचं मोत्यासारखं अक्षर. फक्त माझी सही बाकी. शेवटची तारीख ३० एप्रिल.

लिफाफा घेतला. पण मूळ प्रॉब्लेम कोणाच्या लक्षातच आलेला नाही. मूळ प्रॉब्लेम सीट आहे. हे अंतर आरामात पार पडलं तर बदलीचा प्रश्नच कुठं येतो? संकल्प: एप्रिलच्या आत सीट.

१० मार्च, सोमवार. अर्धापूर
सही केली नाही. असल्या गोष्टी शांत डोक्यानं करायच्या असतात. शिवाय जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता शून्य. इथं मी वरिष्ठ सहायकाच्या यादीत तिसरा. तिथं जाऊन काल लागलेल्या पोरांच्या खाली बसायचं का, या वयात? शेजारच्या टेबलावरचा सिद्धराम म्हणाला, लुंबिनी बालवाडीत होती तवा बी तू तिसराच होता की. सिद्धराम निगेटिव्ह माणूस आहे.

अर्जाला जावक नंबर टाकणारा मीच. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांच्या कामाची घाई करण्यात अर्थ नसतो.

१५ मार्च, शनिवार. लातूर
उपाय पहिला: लाकडी मण्यांचं कव्हर. ट्रकवाले वापरतात, म्हणजे अनुभवसिद्ध. हवा खेळती राहते. लोह्यापर्यंत उत्तम. पुढं प्रत्येक मणी वेगवेगळा जाणवू लागला.

घरी महामायानं नर्सच्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, हे पुरळ कधीपासून आहे?

१६ मार्च, रविवार
परतताना अहमदपूरला मण्यांचं कव्हर एका टरबूजवाल्याला देऊन टाकलं. त्यानं लगेच स्टुलावर अंथरलं आणि बसला. खूश दिसला. तो कुठं जात नाही, त्याला काय.

२२ मार्च, शनिवार. लातूर
उपाय दुसरा: मेडिकलमधली गोल गादी, मधे भोक असलेली. दुकानदारानं न विचारता सांगितलं की तिखट बंद करा आणि रात्री इसबगोल घ्या. गैरसमज दूर करायला वेळ नव्हता.

लोह्याच्या पुढं एका खड्ड्यात मी पुढं गेलो, गादी मागं राहिली. रस्त्यानं चाललेल्या दोन बाया ओरडल्या, ओ दादा, तुमचं काईतरी पडलं! दोघींपैकी एकीनं ती उचलून वर धरली. मी माझं काही नसल्यासारखा पुढं निघून आलो.

२९ मार्च, शनिवार. लातूर
उपाय तिसरा: केळीचं सोपट. केळीच्या अर्धापुरात नोकरी करून केळी सोडून बाकी सगळं शोधत बसलो. खांबाची ताजी सोपटं सोलून आणली, एकावर एक रचली, वरून सुतळीनं आवळली. गार आणि मऊ, शंभर टक्के नैसर्गिक. ही आयडिया पुढं पेटंटच्या लायकीची आहे. चाकूरपर्यंत स्वर्ग.

चाकूरच्या पुढं सोपटांनी पाणी सोडलं. केळीचा डाग कपड्यावरून जात नाही हे मला माहीत होतं, पण वेळेवर आठवलं नाही. महामायानं पँट दोन बोटांत धरली आणि म्हणाली, ही गेली. मग विचारलं, अर्जाचं कुठवर आलं? प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. सही शांत डोक्यानं करायची असं ठरवणं हाही प्रोसेसचाच भाग आहे.

५ एप्रिल, शनिवार. नांदेड, सकाळी ६
मोठा शोध. दुखतं ते एकाच बाजूला, डावीकडं. म्हणजे दोष माझ्यात नाही, सीटमध्ये आहे. समोर बांधकाम चालू आहे, तिथल्या मिस्त्रीकडून काल पाणसळ मागून आणली होती. अंगणात गाडी साइड स्टँडवर नेहमीसारखी उभी होती, सीटवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरळ उजवीकडं पळाला. म्हणजे डावी बाजू खाली! सहा वर्षं मी तिरका बसलो आणि कोणाला पत्ता नाही.

डावीकडं टेकू हवा. चावी लावून सीट उचलली. पुठ्ठा जाड होतो, वर्तमानपत्र पातळ. बॅगेत खाकी लिफाफा होता, दोन घड्या घातल्या तर जाडी अगदी मापात. सीटच्या डाव्या अंगाला दाबून बसवला. तात्पुरती व्यवस्था. सोमवारी काढून सही करायची.

६ एप्रिल, रविवार. नांदेड
जाऊन आलो. आता उजवीकडं दुखतं. म्हणजे डावी बाजू बरी झाली. प्रगती आहे.

७ एप्रिल, सोमवार
लिफाफा काढायचा राहिला. ऊन फार होतं.

१४ एप्रिल, सोमवार. लातूर
जयंती. सलग तीन दिवस सुट्टी, शनिवारीच आलो. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत. लुंबिनीनं शाळेच्या मैत्रिणींना माझी ओळख करून दिली. हे माझे पप्पा, जूनमध्ये इथंच राहायला येणार आहेत.

घरी आल्यावर तिनं हात धरून कपाटापाशी नेलं. तिच्या खेळण्यांचा खालचा कप्पा रिकामा केला होता. वर वहीचा कागद चिकटवलेला, स्केचपेननं लिहिलेलं: पप्पांचा कप्पा. आत नॅप्थलीनच्या दोन गोळ्यासुद्धा ठेवल्या होत्या. मी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

तेवढ्यात महामायानं विचारलं, अर्ज गेला का? मी म्हणालो, गेला.

हे शब्दशः खोटं नाही. लिफाफा दर शनिवारी माझ्याबरोबर जातो आणि रविवारी येतो. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याच लिफाफ्यानं एवढा प्रवास केलेला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार. नांदेड
अखेर तज्ज्ञाकडं गेलो. देगलूर नाक्याजवळ निजामोद्दीनचं सीटचं दुकान. त्याच्या आजानं टांग्याच्या गाद्या केल्या, बापानं रिक्षाच्या, हा मोटरसायकलच्या करतो. सीट उचलली, लिफाफा हातात घेतला. म्हणाला, सायेब, हे काय? मी म्हणालो, पॅकिंग. त्यानं वरचं अक्षर वाचलं आणि म्हणाला, इस पे तो बदली लिखेला हाय. मी म्हणालो, ते निकाली निघालंय, आपण सीटचं बघू.

मग त्यानं गाडी मेन स्टँडवर घेतली, एक डोळा मिटून मागून बघितलं. म्हणाला, सीट एकदम सीधी हाय. तुमीच तिरके बसून राहिले. मागचं पाकीट काढा बरं. काढलं. भलतंच फुगलेलं. आत ज्येष्ठता यादीची झेरॉक्स, आठ पानं, तिसऱ्या नंबरला लाल खूण. ती मी कायम जवळ ठेवतो. निजामोद्दीन म्हणाला, हे पुढच्या खिशात ठेवा, शिरूर ताजबंदला उतरून चाय प्या, बस. नई सीट की जरूरत न्हाई. कायकू पैशे घालायले?

कारागीर चांगला, पण दूरदृष्टी नाही. मी हट्टच धरला. शेवटी तो म्हणाला, ठीक, तुमची मर्जी. खाली कडक फोम, वर नरम, मागची सीट पण तशीच. लिफाफा त्यानं दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. म्हणाला, घरवालीचं अक्षर दिसून राहिलं, संभाळा. गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत सीटखाली ठेवला. खोलीवर ठेवला तर हरवेल.

१९ एप्रिल, शनिवार. लातूर
ऐतिहासिक दिवस! शिरूर ताजबंदला एकच थांबा, तोही खरोखर चहासाठी. अंगणात उतरलो आणि सरळ उभा राहिलो. लुंबिनीनं टाळ्या वाजवल्या. महामाया म्हणाली, बरं झालं, आता जूनपर्यंतचाच तर प्रश्न आहे.

पाकीट पुढच्या खिशात ठेवलं होतं, पण त्याचा संबंध नसावा.

२६ एप्रिल, शनिवार. लातूर
प्लॅन. उद्या अहमदपूरला महामायाच्या मावसबहिणीचं लग्न. तिला मागं बसवून न्यायचं. पासष्ट किलोमीटर. सीट तिला स्वतःला पटली की ती आपणहून म्हणेल, मग बदली कशाला? त्या चांगल्या मूडमध्ये सगळं खरं सांगून टाकायचं. नाहीच पटली तर सोमवारी सही. बुधवारपर्यंत मुदत आहे. दोन मिनिटांचं काम.

२७ एप्रिल, रविवार. अहमदपूर
लुंबिनीला आजीजवळ ठेवून सकाळी आठला निघालो. चाकूर मागं पडल्यावर महामाया म्हणाली, खरंच की, काही कळतच नाही बसल्याचं. सहा वर्षांत माझ्या एखाद्या कामाचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, जूनमध्ये रोज संध्याकाळी लुंबिनीला मधे बसवून चक्कर मारत जाऊ.

आता सांगावं असं ठरवलं. घसा साफ केला. तेवढ्यात पुढं पोलिसानं हात केला.

लायसन मोबाइलमध्ये दाखवलं. पीयूसी कागदी होतं. उतरलो, चावी फिरवली, सीट उचलली. मी गाडी धरून उभा, म्हणून पिशवी महामायानंच काढली. ती एकेक कागद काढून पोलिसाला देऊ लागली. आरसी. इन्शुरन्स. पीयूसी. मग खाकी लिफाफा. तो तिनं दिला नाही.

उघडला. घड्या सोडवल्या. शेवटचं पान काढून सहीच्या जागेकडं बघत राहिली. पोलिस म्हणाला, ताई, सगळं बरोबर हाय, जावा. ती म्हणाली, गेला म्हणाला होतात. मी म्हणालो, सोमवारी देणारच होतो. ती म्हणाली, पोरीनं कप्पा रिकामा केलाय हो. एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. लिफाफा माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि मागं बसली. मधे पर्स ठेवली.

लग्नात फोटोत हसली. परतताना लातूरच्या एसटीत बसली. म्हणाली, तुम्ही जा नांदेडला गाडीवर, आरामात.

२८ एप्रिल, सोमवार. अर्धापूर
सही केली. पहिल्या मिनिटाला, ऑफिस उघडल्याउघडल्या. मग प्रमाणपत्र उलगडलं. सहा वर्षांच्या गाडीचा गंज आणि ऑइल त्यावर उतरलेलं, घडीवर फाटलेलं, आणि शिक्का नेमका तिथंच. सिद्धराम चष्मा वर करून म्हणाला, हे न्हाई चालायचं गड्या, शिक्काच दिसंना. नवीन मागव, अजून दोन दिवस हायत.

महामायाला फोन केला. सही केली हे आधी सांगितलं. मग प्रमाणपत्राचं. ती म्हणाली, मी एकदा आणलं होतं. त्यासाठी साहेबांच्या दारात चार दिवस उभी राहिले होते. आता परत नाही.

३० एप्रिल, बुधवार. अर्धापूर
शेवटचा दिवस. दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या बदलीचे सात अर्ज टेबलावर आले. सातही अर्जांना जावक नंबर दिला, शिक्का मारला, रवाना केले. एकाच्या हाताला घाम आला होता, त्याला पाणी दिलं. आपला अर्ज ड्रॉवरमध्ये. पावणेसहाला रजिस्टरवर रेघ ओढली.

पदोन्नतीच्या यादीत अजून तिसराच आहे. हे एक बरं.

३ मे, शनिवार. नांदेड
पहाटे पाचला उठून टाकी, हवा, चेन सगळं बघितलं. सहाला निघणार, तर महामायाचा फोन. या शनिवारी येऊ नका. मी म्हणालो, पुढच्या? ती म्हणाली, बघू. तिनं नाइट बदलून घेतली आहे, पोरीची सोय तिनं तिची ती लावली आहे. लुंबिनीला दे म्हणालो. लुंबिनी म्हणाली की पप्पा, तुमच्या कप्प्यात आता आजीची औषधं ठेवलीत. कागद काढला का, विचारलं. म्हणाली, काढला नाही, पण त्याच्यावर आजीचं नाव लिहिलं.

हेल्मेट डोक्यातच होतं. अंगणात गाडी मेन स्टँडवर घेतली आणि बसलो. पाकीट पुढच्या खिशात. हात हँडलवर. समोरच्या मिस्त्रीनं दोनदा बघितलं, मग त्याच्या कामाला लागला. सव्वानऊला उतरलो. बरोबर लातूर येण्याइतका वेळ.

कुठंही अजिबात दुखलं नाही.