घर कुणाचं ते आधी विचारावं

मंगळवार, ९ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा ठीक, अप्पांचा खोकला ठीक, मी ठीक. तू नंबर बदललास, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या रंगारी मित्राकडून मिळवला. तो देत नव्हता. मी तासभर त्याच्या शिडीला धरून उभी राहिले, तेव्हा वरूनच सांगितलान, "घे बाई, पण शिडी सोड."

काम पडलं म्हणून लिहितेय. तीन वर्षांनी आठवण झाली आणि तीही कामापुरती, असं तू म्हणशील. म्हण.

मोबाईलच्या नकाशावर तू आपल्या दुकानाची नोंद केली होतीस. 'कुलूप उघडून मिळेल, चावी बनवून मिळेल', खाली अप्पांचा नंबर आणि बाजारातला पत्ता. तू गेल्यावर दुकानात बसणं आणि लोकांच्या घरी जाणं, दोन्ही अप्पांना एकट्याला झेपेना. दुकान सोडलं. चाव्या कापायचं मशीन घरी आणून खिडकीखाली ठेवलं. नकाशावर मात्र पत्ता दुकानाचाच राहिला. लोक फोन करायचे, अप्पा पिशवी उचलून निघायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एक बाई फोन न करता थेट त्या पत्त्यावर गेली. दार आपटून बंद झालेलं, आत तिचं तान्हं मूल. तिथे आता चपलांचं दुकान आहे. ती बाजारभर पळत राहिली, शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं. मूल सुखरूप आहे. पण तिने आपल्या नावाखाली लिहिलं, 'असं दुकानच नाही. पत्ता खोटा.'

ते वाचून मी ताट सरकवून उठले. मी त्याच दुपारी दुकानाचा पत्ता काढून घराचा घातला. काम घरून चालतं, आम्ही गिऱ्हाइकाच्या दारी येतो, असं सगळं खरं खरं भरलं.

खरं भरल्यावर दहा मिनिटांत आपली नोंद नकाशावरून नाहीशी झाली.

नकाशावाले म्हणतात, जागा बदललीत, आता ती तुमचीच आहे हे पुन्हा सिद्ध करा. खोट्या पत्त्यावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

तुला हा धंदा माहीत आहे. चावीवाल्याचा नंबर कुणी जपून ठेवत नाही. माणूस दाराबाहेर अडकला की तिथे उभं राहूनच शोधतो, आणि जो दिसेल त्याला बोलावतो. आपण दिसत नाही. चाळीस दिवसांत तीन फोन आले. एक राँग नंबर. एक खालच्या शिंपीकाकांचा, त्यांच्या कपाटाची चावी त्यांच्याच खिशात निघाली. तिसरा मी केला होता, फोन चालू आहे ना ते बघायला.

पडताळणीसाठी व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. एका दमात, मध्ये न थांबवता. आधी रस्ता, मग घर, मग आपलं दार आपण उघडताना, मग हत्यारं आणि शेवटी धंद्याच्या नावाचा कागद. तीनच वेळा पाठवता येतो.

पहिल्या वेळी रस्ता, जिना, हत्यारं सगळं छान आलं. मग मी म्हटलं, "अप्पा, आता कागद दाखवा. तुमचं नाव असलेला." अप्पा आत गेले आणि भिंतीवरून माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेमसकट काढून घेऊन आले. मोबाईलसमोर धरलं आणि बोट ठेवलं. "हे काय माझं नाव. हिच्या नावाच्या पोटात." मला थांबवता येईना आणि रागावताही येईना. दोन दिवसांनी नकार आला.

मग मी चार दिवस सरकारी खिडक्यांसमोर उभी राहून धंद्याच्या नोंदणीचा कागद मिळवला. दुसरा व्हिडिओ काढला. अप्पा जिना चढले, दार नेहमीसारखं कोपराने ढकललं आणि आत गेले. त्यालाही नकार. 'जागेवर तुमचा ताबा असल्याचं दिसत नाही.'

कारण आपल्या दाराला कुलूपच नाही. फक्त कडी आहे, तीही आतून, आणि ती कुणी लावत नाही. मी म्हटलं, "अप्पा, एवढ्यापुरतं एक कुलूप बसवा. चावीने उघडून दाखवलं की झालं."

"चावीवाल्याच्या घराला कुलूप शोभत नाही."

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"तुझ्या पुस्तकात नसेल, पदवीबाई."

आई आतून म्हणाली, "आणि चोरायला आहे काय घरात? ती फ्रेम?"

शिंपीकाका तर येता-जाता सुनावतात. "साऱ्या गावाची दारं उघडली, आणि स्वतःचं उघडून दाखव म्हटलं तर पास होईना." अप्पा हसतात. हल्ली ते हसतात तेव्हा मला भीती वाटते. दिवसभर मशीनपाशी बसून कोऱ्या चाव्या कापत असतात, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या. डबा भरत आलाय.

समोरच्या नव्या इमारतीत रखवालदार हवाय. पहिल्या तारखेपासून. अप्पांनी जवळजवळ होकार दिलाय. म्हणाले, "आयुष्यभर दारं उघडली, आता फाटक लावीन." त्यांची खाकी पँट आईने शिवायला दिली. मी इतकं शिकले ती या पँटीसाठी का, असं वाटून मी दोन दिवस शिंपीकाकांच्या दारावरून जायचं टाळलं.

चोवीस तारखेच्या आत तिसरा व्हिडिओ गेला नाही तर नोंद कायमची जाईल, आणि लोकांनी इतक्या वर्षांत लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर. तू आधी नोंद कशी केली होतीस? कुलपाशिवाय काही मार्ग असेल तर लिही. आणखी काही नाही.

तुझी
शहाणी

ता. क. अप्पांना या पत्राचं माहीत नाही.


शनिवार, १३ तारीख

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता दुसरं लिहितेय. पहिल्या पत्रात मी 'आणखी काही नाही' असं लिहिलं. ते खरं नव्हतं.

पत्र टाकून आले त्याच दिवशी मी खाटेखालच्या पेटीतून आपलं जुनं दाराचं कुलूप काढलं. पुसलं, तेल घातलं, अप्पांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "तुम्ही बसवा, नाहीतर मी सुताराला बोलावते." अप्पा उठून बाहेर निघून गेले. पायात चपलाही नव्हत्या.

आईने गॅस बंद केला आणि बाहेर आली. "तुला पदवी कुणी दिली गं?" म्हणाली. "तुझा दादा त्या टेबलावर चावी ठेवून गेला, त्याच संध्याकाळी ह्यांनी दाराचं कुलूप काढलं. कधी आला तर बाहेर अडकायला नको म्हणून. तीन वर्षं मी उघड्या दाराआड झोपते. आणि तू म्हणतेस, सुताराला बोलावते."

दादा, मी त्याच घरात राहते. रोज ते दार ढकलते. मला कळलं नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याचं कारण आता लिहिते. इथे पेन दोनदा ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी त्या माणसाने तुला सांगितलं, घर माझं आहे, चावी हरवली. तू दार उघडून दिलंस. घर त्याच्या बहिणीचं निघालं, तो तिचे कागद घेऊन पसार झाला. अप्पांचा एकच नियम, घर कुणाचं ते आधी विचारावं, मग पिशवी उघडावी. तू विचारलं नाहीस. घाई होती आणि माणूस गयावया करत होता, इतकंच. तू हे जिन्यात बसून मला सांगितलंस. मला एकटीला. म्हणालास, "शहाणे, दोन दिवस दे. मी स्वतः अप्पांना सांगतो."

तुला आजवर वाटतंय की त्या घरच्या बाई तक्रार घेऊन अप्पांकडे आल्या. दादा, त्या आल्या नव्हत्या. त्यांना चावीवाल्याचं नावही माहीत नव्हतं. मी सांगितलं. दोन दिवस काय, मी दोन तासही थांबले नाही. जेवणाच्या पानावर बसून सांगितलं, पाठ केलेलं भाषण म्हणावं तसं. खरं ते खरं, असं मला वाटत होतं. माझी कॉलर ताठ होती. अप्पा हात धुऊन उठले, त्या बाईंचं घर शोधलं, त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली, त्यांची सगळी कुलपं बदलून दिली. मग घरी येऊन तुला म्हणाले, "चावी ठेव." तू माझ्याकडे बघितलंस, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी भांडी उचलायला लागले.

तू स्वतः सांगितलं असतंस तर त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पत्ता बदलला तेव्हाही तसंच झालं. अप्पांना विचारलं नाही, पुढचं पाहिलं नाही. मी खरं बोलते आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणालातरी पडते. त्या तान्ह्या मुलाच्या आईपुढे मी आजही तेच करीन, पत्ता खोटा ठेवणार नाही. पण तुझ्या बाबतीत ते खरं तुझं होतं. सांगायचा हक्क तुझा होता. मी न विचारता दार उघडलं.

अप्पा दिवस कलताना परत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, तू दोन दिवस मागितले होतेस हेही. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, "स्वतः सांगतो म्हणाला होता?" मी हो म्हटलं. मग मी पुढ्यात ठेवलेलं कुलूप त्यांनी उचलून मशीनपाशी ठेवलं.

काल सकाळी उठून त्यांनी कुलूप खोललं, आतले दात बदलले आणि दाराला बसवलं. मशीनवर चार चाव्या कापल्या. एकेक लावून पाहिली, कानशीने घासली, पुन्हा लावून पाहिली. एक आईला, एक मला, एक स्वतःच्या खिशात. चौथी माझ्या हातात देत म्हणाले, "ही पोस्टात टाक. ती पोचल्याचं कळल्यावर व्हिडिओ काढायचा."

"अप्पा, चोवीस तारीख आहे. पत्रं हरवतात. आपण आजच काढू."

"तो बाहेर असताना मी दाराला कुलूप लावून शूटिंग करू?"

"नोंद गेली तर?"

"तर फाटकावर बसीन. खाकी पँट तयार आहे."

आई म्हणाली, "सैल शिवलीये मेल्याने."

आता कुलूप बसलंय, पण चावी फिरवलेली नाही. दार अजून ढकललं की उघडतं. तू ये असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. माझ्यावरचा राग ठेव, तो तुझ्या मालकीचा आहे. फक्त अप्पांच्या नंबरवर एक शब्द पाठव, 'पोचली'. तो नंबर अजून तोच आहे. फोन दिवसभर त्यांच्या हातातच असतो, कुणी करतच नाही.

चावी कापडात गुंडाळून पाकिटाला आतून टाके घातलेत, फाडताना जपून. अप्पांनी एक निरोप लिहायला सांगितलाय. मी म्हटलं, त्याला काय सांगायचं, तो चावीवाल्याचा मुलगा आहे. तरी लिही म्हणाले. नवी कापलीये, पहिल्यांदा अडेल. जोर लावू नकोस. थोडी उचलून फिरव.

तुला न विचारता जिने सांगितलं, ती
तुझी बहीण