हाड शाबूत आहे

डोंबिवली पूर्व
१४ जानेवारी २०२६

चि. ऋजुता,

अनेक आशीर्वाद. आज संक्रांत, म्हणजे गोड बोलायचा दिवस. ते उद्यापासून बघू. साकेतराव समीक्षाला न्यायला येताहेत, त्यांच्याजवळ हे पत्र देतोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायची पाळी. एक्स-रेच्या पाकिटात घातलंय, ते तरी उघडशीलच.

परवा खो-खोच्या सरावात समीक्षा खांबाला वळसा घालताना पडली आणि घोटा मुरगळला. घरी आणेपर्यंत लिंबाएवढी सूज. लगेच शेजारच्या हेमाताई आंबेहळदीचा गरम लेप घेऊन हजर. वरचे गुणाजी म्हणाले, "काय नाय हो सर, तेल लावून जरा खेचला की बसतो पाय." दोघांनाही दारातूनच परत पाठवलं. आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-पंधरा मिनिटं लावला, पाय दोन उशांवर ठेवला. तिला चार पावलंही टाकता येईनात, तेव्हा तडक डॉक्टरांकडे नेलं. चाळीस वर्षं मैदानावर पोरींना शिकवण्यात गेली, एवढं कळतं मला.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण लिगामेंट चांगलंच ओढलं गेलंय आणि ते एक्स-रेत दिसत नाही. तीन आठवडे पट्टा, मग एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम, आणि मगच धावणं. अर्धवट बरा झालेला घोटा जन्मभर मुरगळत राहतो. हे सगळं मी तुला सांगितलं. तू काय ऐकलंस? हाड शाबूत आहे! आणि लगेच, "मग काय बाबा, क्रेप बँडेज घट्ट बांधू. रविवारी फायनल खेळेल ती. मी नव्हते का खेळले?"

अगं, काय म्हणावं तुला! बँकेत अधिकारी झालीस, घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर राहायला गेलीस, आणि बोलतेस गुणाजींसारखी. खाण तशी माती, दुसरं काय.

तर ऐक. समीक्षा रविवारी खेळणार नाही. यादीतून तिचं नाव मी काढायला लावलंय. सकाळपासून रडतेय. "आजोबा, तुम्ही व्हिलन आहात," म्हणाली. असू दे. तुलाही काय बोलायचं ते बोल, पण पत्र पुरं वाचून.

'मी नव्हते का खेळले' हे माझ्या डोक्यातून जात नाही. खेळलीस. पंधराव्या वर्षी, ठाण्यात. कप अजून शोकेसमध्ये आहे. त्यानंतर तो पाय किती वेळा मुरगळला ते तूच मोजलं असशील. राज्य संघाच्या शिबिरातून तिसऱ्या दिवशी परत आलीस. लग्नात बोहल्यावर चढताना मुरगळला. दर वेळी तू हसून म्हणतेस, "माझा पायच मेला नाजूक." आणि दर वेळी मी पेपर उघडून बसतो.

ऋजू, तेव्हा नौपाड्यातल्या दवाखान्यात रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो होतो. तू घरी पाय वर करून वाट बघत होतीस. मी चपला काढता काढताच सांगितलं, "हाड शाबूत आहे." तुझी आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

हाड शाबूत नव्हतं. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला चीर होती. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर सांगितलं होतं. फायनल चार दिवसांवर होती आणि तुझ्याशिवाय आमचा संघ म्हणजे काहीच नव्हता.

सव्वीस वर्षं सांगायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही, आणि आता ती नाही. फार वाईट वागलो मी, पोरी.

पाकिटात दोन फिल्म आहेत. नवी समीक्षाची. कडेला पिवळी पडलेली ती तुझी. कपाटावर होती, टाकवली नाही. खिडकीशी धरून बघ, चीर तुलाही दिसेल. तुझा पाय कधीच नाजूक नव्हता.

तिळगूळ डब्यात आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. मैदानावर तू मला सर म्हणायचीस, म्हणून जे केलं ते सरांनी केलं असं स्वतःला सांगत आलो. पण त्या दिवशी चपला काढून घरात आला तो तुझा बापच होता.

तुझा,
बाबा