बिनगढीचा शातो

कासबोन, १९ ऑगस्ट

प्रिय आणि आदरणीय ल्युसेत आत्या,

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एवढं नाताळच्या कार्डावरून कळलं होतं. आता जिना चढता येतो का? बायोनची हवा दमट, तेव्हा गुडघ्याला लोकरीचं काहीतरी गुंडाळत जा. (हे मी सांगावं का, असा प्रश्न पडला. वीस वर्षांत भेट नाही आणि एकदम गुडघ्यावर घसरायचं. पण पत्राला कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि त्यातल्या त्यात गुडघा निरुपद्रवी.) लहानपणी मी तुम्हाला 'अगं आत्या' म्हणायचे. ती सवय मोडली. पुन्हा लावून घ्यायची तर तुमची परवानगी हवी, म्हणून तूर्त 'तुम्ही'.

इकडे सगळं ठीक आहे, असं यापुढे लिहायची पद्धत आहे. मी ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. शाळेत मुलांना इतिहास शिकवताना पुराव्याशिवाय विधान करू नका म्हणून कानीकपाळी ओरडते, मग स्वतः कसं करू? बाबांची तब्येत चांगली नाही. तिकडे मी येतेच. तुम्हाला पत्र लिही असं त्यांनीच सांगितलं, ही आधी सांगण्यासारखी बातमी.

शेजारच्या दुकासने हिवाळ्यात अख्खा मळा उपटला. आता वेली लावायला नाही, उपटायला सरकार मदत करतं. खुंटांचे ढीग आठवडाभर जळत होते आणि आमच्या चादरींना अजून तो वास आहे. हल्ली दुकास दुपारी खुर्ची टाकून उघड्या मातीसमोर बसतो, टीव्हीसमोर बसावं तसा. बाबा कुंपणावरून विचारतात, "काय रे, आज काय लागलंय?" तो म्हणतो, "कालचंच."

आमच्या वेली अजून उभ्या आहेत. माल मात्र कोणी उचलत नाही. अशात वसंतात पर्यटन कचेरीने 'ऐतिहासिक गढ्या आणि द्राक्षमळे' अशी एक सहल काढली आणि नावांच्या यादीवरून आम्हालाही तिच्यात घातलं. शातो म्हणजे गढी खरी, पण बाटलीवर 'शातो' लिहायला गढी लागत नाही, मळा पुरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लांबून येणाऱ्या माणसाला शातो म्हटलं की बुरूज दिसतात. आमच्याकडे पत्र्याची शेड आहे, ट्रॅक्टर आहे आणि आजोबांच्या वेळची डुकरांची कोठी आहे, तीही अर्धी पडलेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी फोन करून चूक कळवली. पलीकडची मुलगी म्हणाली, "नावात शातो आहे ना, ताई? मग झालं तर." (मी तेव्हाच लेखी कळवायला हवं होतं का? कळवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाबांचा उन्हाळाही टळला असता. या प्रश्नाने माझ्या डायरीची बरीच पानं खाल्ली आहेत आणि उत्तर सापडलेलं नाही.)

पहिलं जोडपं उत्तरेकडचं होतं, लीलच्या बाजूचं. बाई निवृत्त पोस्टमास्तरीण, हातात काठी. गाडीतून उतरल्या, शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गढी कुठे आहे?" मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा मागून आले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही तिच्यातच उभ्या आहात, मादाम. क्रांतीने एवढीच ठेवली." आणि त्यांना डुकरांच्या कोठीकडे घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर हात ठेवून ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण पोस्टमास्तरीणबाई डोळे पुसत परत आल्या आणि त्यांनी दोन खोकी वाइन घेतली. आत्या, ती वाइन तुम्ही चाखलेली नाही. तिच्यासाठी रडायचं तर प्यायल्यावर रडतात.

त्यानंतर गढी वाढत गेली. जूनमध्ये तिला खंदक आला. जुलैमध्ये एका सरदाराला गिलोटिनवर नेलं, आणि जाताना त्याने आपल्या कारभाऱ्याला सांगितलं की माझं डोकं गेलं तरी चालेल, छाटणी वेळेवर कर. मी इतिहास शिकवते. माझ्या देखत, माझ्याच अंगणात हे चाललं होतं. एकदा न राहवून मी एका गटाला बाजूला घेऊन सांगितलं की इथे गढी कधीच नव्हती, ही भिंत डुकरांची आहे. त्यातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. "घरचंच माणूस घराला नावं ठेवतं," ते बायकोला म्हणाले. नंतर त्यांनी इंटरनेटवर अभिप्राय लिहिला: वृद्ध सरदार अत्यंत लाघवी, मोलकरीण उद्धट. बाबांनी तो मला दोनदा वाचायला लावला. त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणे. चष्मा नाकावर होता.

आता जरा अवघड भाग. या गढीत तुम्हीही आहात. काउंटेस ल्युसेत, सरदाराची धाकटी बहीण. भावाने वडिलांच्या हातच्या सेमियों या पांढऱ्या द्राक्षांच्या वेली उपटून तांबड्या लावल्या, म्हणून ती रागावून बग्गीतून निघून गेली. (तुम्ही व्हॅनमधून गेलात, मागे शिवणयंत्र बांधून, हे मला आठवतं. आणि दारात उभं राहून तुम्ही काय म्हणालात तेही आठवतं: "आज बापाची सेमियों उपटलीस, उद्या बापाचं थडगं उपटशील." बाजाराला तांबडी हवी होती, सगळेच लावत होते. आज त्याच बाजाराला तांबडी नको आहे. मी कोणाची बाजू घेत नाही. घेतली असती तर पत्र लवकर संपलं असतं.)

पाहुणे हमखास विचारतात, मग काउंटेस परत आली का? बाबांचं उत्तर दर वेळी वेगळं. कधी तिला मठात पाठवलं, कधी स्पेनमध्ये लग्न लावून दिलं, आणि एकदा अंगदुखीच्या दिवशी तिलाही गिलोटिनवर चढवलं, त्याबद्दल मी त्यांच्या वतीने क्षमा मागते. गेल्या रविवारी एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं. बाबा भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "अजून नाही." मी उलटं खोकं सरकवलं, त्यावर ते बसले. उरलेली गढी मी दाखवली. खंदकासकट. (हो, मी. पुराव्याशिवाय.)

आजार स्वादुपिंडाचा आहे. कापण्यासारखं काही उरलेलं नाही, असं बोर्दोच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साठ वर्षं मी यकृताची काळजी केली, आणि दगा शेजाऱ्याने दिला." डॉक्टर हसले, मग हसलो म्हणून लाजले. परतताना गाडीत मी रडत होते, तर बाबा म्हणाले, "गाडी नीट चालव. दोघांना एका दिवशी पुरायला पाद्री मिळणार नाही, त्याच्याकडे वीस गावं आहेत." आता त्यांना सूप तेवढं जातं. द्राक्षं काढेपर्यंत राहतील का, हे मी विचारलं. डॉक्टरांनी विचारलं, यंदा काढणी लवकर आहे का. मी म्हटलं, नाही. त्यावर ते कागदांत बघत राहिले.

यंदाची काढणी कोणासाठी करायची हाही प्रश्न आहेच. पण बाबा रोज सकाळी कठड्याला धरून पहिल्या ओळीपर्यंत जातात, एक मणी तोडून चावतात आणि थुंकतात. गिळता येत नाही. "साखर चढतेय," म्हणतात. मी डायरीत लिहिते, साखर चढतेय. दुसरं काय लिहावं ते सुचत नाही.

एवढं लांबण लावल्याबद्दल रागावू नका. बाबांनी मला 'कामापुरतं लिही' असं बजावलं होतं, आणि काम अजून आलेलंच नाही. गुडघ्याची काळजी घ्या. घरातल्या मांजरीला (असल्यास) माझी आठवण सांगा.

तुमची भाची,
सेव्हरीन

ता. क. काम असं. बाबांनी आमचाही मळा उपटायला द्यायचं ठरवलं आहे. त्यांच्या मागे मी शाळा सोडून वेलींच्या पाठी मरू नये, म्हणून. पण मळा अजून तुमच्या दोघांच्या नावावर आहे आणि तुमच्या सहीशिवाय एक खुंटही हलत नाही. बाबांचा निरोप शब्दशः असा: "कागद पाठव. सही करून टपालाने परत कर म्हणावं. यायची तसदी घेऊ नको म्हणावं. आणि म्हणावं, तुझंच खरं झालं." शेवटचं वाक्य त्यांनी लगेच मागे घेतलं आणि लिहू नको म्हणाले. मी लिहिलं आहे.

आणखी एक. कागद या पाकिटात नाही. विसरले असं मी म्हणू शकले असते, पण विसरलेले नाही. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी एका शब्दाने सुचवणार नाही. मात्र कागद इथे आहे आणि तो इथेच मिळेल. बायोनहून सकाळची गाडी बोर्दोला दुपारच्या आत पोहोचते. स्टेशनवर मी येईन. लवकर या. लवकर हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

आणि हे पाकीट चिकटवण्यापूर्वी: बाबा आत्ताच स्वयंपाकघरात येऊन गेले. कागद टेबलावर राहिलेला त्यांनी पाहिला, पाकीट माझ्या हातात पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. खुर्चीच्या पाठीला धरून त्यांनी विचारलं, वरच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलंस का.