सव्वा मूठ गहू

मी, सौ. भागीरथी सुपडू बोरसे, वय छप्पन्न, राहणार पांडेसरा, सुरत, मूळची पारोळा तालुक्यातली. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी कान भरलेले नाहीत, आणि भरायला आलं तर मी ऐकून घेणारी नाही, हे सगळी गल्ली सांगेल. पुढल्या आठवड्यात पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र आजच राजीखुशीने लिहून ठेवते. यजमानांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. कागदाला लागतं म्हणून वर लिहिलं.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. साड्यांवर खडे चिकटवून चिकटवून मी ते घेतलं. हे मिलमध्ये रंगखात्यात होते, त्यांचा पगार दवाखान्यांत गेला. दोघांच्याही तपासण्या झाल्या, दोष कोणातच निघाला नाही. निघाला असता तर निदान एकदाचे भांडून मोकळे झालो असतो.

२. शिलाई मशीन शेजारच्या सुषमाला द्यावी. एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही औषध किंवा नवस सुचवला नाही.

३. पितळी परात जाऊबाई प्रमिलाबाईंना. त्यांच्या गजेंद्रच्या बारशाला त्यांनी मला पाळण्याला हात लावू दिला नव्हता. या परातीत रोज माझ्याच हातांनी कणीक मळली आहे. घासत बसा म्हणावं आता!

४. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसवतात, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात. सासूबाई होणाऱ्या नातवाच्या नावाने सव्वा मूठ जास्तीची काढायच्या. त्या गेल्यावर हे काढू लागले. "बस करा आता," मी म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं, येई तो." माझी पाळी थांबली, तरी यांची मूठ काही थांबली नाही. न काढली तर मला वाईट वाटेल, असं त्यांना वाटायचं. मला वाटायचं, दर श्रावणात माझ्या तोंडात मारतात. एके वर्षी मी तो गहू त्यांच्यासमोर डब्यात परत ओतला. हे दिवसभर जेवले नाहीत, आणि दिवाळीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. माणूस वाईट नाही हो. पोराची आस सुटत नाही त्यांची, आणि माझी सुटली असं म्हटलं तर तेही खोटंच. माझ्यामागे त्यांनी ती मूठ काढली तर कोणी हसू नये.

५. हे फार भोळे आहेत. कोणी "बाबा" म्हटलं की कुठल्याही कागदावर सही करतील. पुतण्या गजेंद्र हे ओळखून आहे. एरवी "काका", काम असलं की "बाबा". मागे घर नावावर करून मागायला आला, तेव्हा नुसता बाबा-बाबा चालला होता. लबाड मेला! मी त्याला दारातून हाकलला. पण त्या दिवशी हे एक भाकरी जास्त जेवले, तेही मी पाहिलं.

म्हणून घराची व्यवस्था अशी. हे हयात असेपर्यंत घरात राहतील. त्यांना ते विकता, गहाण टाकता किंवा कोणाला बक्षीस देता येणार नाही. त्यांच्यामागे घर गजेंद्रला मिळेल, पण एका अटीवर. त्याने यांना रोज "बाबा" म्हणून हाक मारावी. तो राहतो उधन्याला, तिथून येणं झालं नाही तर फोनवर मारावी, पण काम नसतानाही मारावी. त्यात कसूर झाली तर घर गल्लीतल्या बालवाडीला जाईल. अट पाळली जाते की नाही, हे शेजारचे लक्ष्मणभाऊ पाहतील. हे कलम त्यांनी गजेंद्रला एकट्याला वाचून दाखवावं. यांना कधीच कळू देऊ नये.

मला "आई" म्हणायची अट मी घातलेली नाही. तो शब्द मला विकत नको.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं, माझं म्हणणं तेच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

भागीरथी सुपडू बोरसे

साक्षीदार:
१. लक्ष्मण निंबा महाजन
२. धनश्री रघुनाथ सोनवणे

पांडेसरा, सुरत
१८ जून २०२५