मोतिया रंगाचे कपाट आणि बाकी जे माझे

मी, खाली सही करणारी, जुन्या फर्निचरला रंग देण्याचा व्यवसाय करणारी विधवा बाई, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. उलट "आत्ताच कशाला, आई" म्हणत मुलीने कोरे कागदच लपवून ठेवले होते.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान हक्काने मिळावे. स्वयंपाकघराचे दार दमट हवेत फुगते. त्याला लगेच रंधा मारू नये, हवा कोरडी झाली की ते आपोआप बसते. तुम्हा दोघांच्या भांडणांनाही हेच लागू.

२. बँकेतील ठेव एकट्या मुलीला द्यावी. माझ्या आजारपणात तिने उशापायथ्याशी बसून दिवस काढले, आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही. मुलाला हे मी समोर बसवून सांगितले आहे. तो आनंदाने हो म्हणाला.

३. मागच्या अंगणातील कारखाना हत्यारांसकट चिमणीला द्यावा. तिचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण अखंड बोलते म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात. नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा तिच्या आईचे टेबल रंगवून घ्यायला म्हणून माझ्याकडे आली, आणि राहिली. यजमान गेल्यावर तिच्या बडबडीने माझे घर बोलते राहिले. तिचे उपकार या कारखान्याने फिटणार नाहीत. अट एकच. गिऱ्हाईक कितीही मागे लागो, वॉर्निशवर थेट रंग लावायचा नाही. आधी मुठी-बिजागऱ्या काढायच्या, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवायचा, वाळू द्यायचे, चमक मरेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचे, भुकटी ओलसर फडक्याने टिपायची, आणि मगच प्रायमर. नाहीतर रंग नखाने सालीसारखा निघतो आणि नाव माझे जाते.

४. हॉलमधील मोतिया रंगाचे सागवानी कपाट मुलाला द्यावे. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

माझे यजमान वॉर्निशचे काम करत. लाकडावर रंग फासणे म्हणजे चेहऱ्यावर बुरखा घालणे, असे त्यांचे मत. माझ्या कामाला ते भिंत लिंपल्यासारखी "चुनेगच्ची" म्हणत. हे कपाट त्यांनी लग्नानंतर माझ्यासाठी केले. त्यात बघून मी कुंकू लावावे इतके ते चमके. पुढे साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली. ते दिवसचे दिवस खुर्चीत बसून असत, बोलत नसत. एका सकाळी म्हणाले, "कपाट रंगव."

मी म्हटले, भलतेच काय.

"मला आता त्याची चमक दिसत नाही. ती पुसायची तर मीच पुसेन. तू रंग लाव."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे वॉर्निश घासले. तळवा फिरवून ते सांगत, इथे अजून गुळगुळीत आहे, इथे राहिले. ते खरोखरच राहिलेले असे. त्या दिवसापासून कारखान्यातली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय मी प्रायमरचा डबा उघडला नाही. ते पुन्हा जेवताना बोलू लागले, माझी थट्टा करू लागले.

मुलगा सुट्टीवर आला, कपाट पाहिले आणि माझ्यावर संतापला. बाबांना दिसत नाही म्हणून हे केलेस, म्हणाला. यजमानांनी त्याला जवळ बोलावले, त्याचा हात धरून घासायच्या राहिलेल्या एका खणावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्यासाठी ठेवलाय. घास." बापलेक संध्याकाळपर्यंत खाली फरशीवर बसून होते. मी दाराआडून बघत होते. आयुष्याने मला पुष्कळ दिले, पण त्या दुपारी दिले तितके कधीच नाही.

मुला, कपाट जपून ठेवू नकोस, वापर. टवके उडाले तर खुशाल दुसरा रंग दे.

५. धाकट्या दिराला मी काहीही दिलेले नाही. यजमानांची नजर गेल्यावर, आंधळा माणूस कारखान्यात बसवलास तर गिऱ्हाईक पळेल, असे मला म्हणून तो आमच्या धंद्यातल्या भागीदारीतून बाहेर पडला. सागावर रंग लावला तेव्हा "वहिनी, तुला वेड लागलंय" असे चारचौघांत म्हणाला. तेही मी विसरलेले नाही. मात्र भावाच्या शेवटच्या आजारात रोज येऊन त्याची दाढी त्यानेच केली. तेव्हा काही न देण्याचे कारण राग नव्हे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. आणि मी पूर्ण शुद्धीवर आहे याची सही मला त्याच्याच हातची हवी होती. त्याने हे कलम वाचले, चष्मा पुसला आणि पेन मागितले.

ठिकाण: कारखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ४ मार्च, सकाळी

सही: (लिहून देणार)

आम्हां दोघांच्या समक्ष हिने वाचून सही केली:
साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)
साक्षीदार २: धाकटा दीर (सही). वहिनी पूर्ण शुद्धीवर आहे. तेव्हाही होती.