झिपऱ्याच्या जटा

३ डिसेंबर, मंगळवार

चावला! म्हणजे दात टेकवले, रक्त नाही आलं. पण नेमका उजव्या हाताच्या अंगठ्याला — आणि उद्या दोन ब्लाऊज शिवून द्यायचेत.

चूक माझीच. दिवाळीनंतर दिगूभाऊजी नोकरीसाठी जर्मनीला गेले आणि त्यांचा हा नऊ वर्षांचा लांब केसांचा कुत्रा पुण्याच्या फ्लॅटमधून थेट आमच्या कडेगावात आला. नाव ऑस्कर. सासूबाईंनी — म्हणजे आत्यांनी, मी लग्नापासून आत्याच म्हणते — पहिल्याच दिवशी त्याचा झिपऱ्या केला. आणि हा लबाड त्याच नावाला शेपूट हलवतो. महिनाभर बांधावरून हिंडला, अंगभर कुसळं घेऊन आला, आणि मी "बघू उद्या" करत राहिले. आता कानामागे, काखेत, पोटाखाली केसांचे गठ्ठे झालेत. भाऊजींनी सोबत दिलेला तारांचा ब्रश आज पहिल्यांदा बाहेर काढला. एकच हात मारला. पुढचं वर लिहिलंच आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

आज डोकं चालवलं. शिकेकाई लावून आंघोळ घालायची, केस मऊ झाले की विंचरायचं. आपण बायका करतो तसंच की! आंघोळीला गुणी बाळासारखा उभा राहिला. उन्हात वाळवला आणि बघते तर गठ्ठे आणखी आवळलेले. बोटसुद्धा शिरेना.

आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेले धनगर आप्पासो दारात उभे होते. पोट धरून हसले. "आवं वैनी, लोकर भिजवून चोळली की घट्ट बसती. आमी घोंगडं असंच घट्ट करतूय. तुमी तर जित्या कुत्र्याचं घोंगडं केलंसा!"

बीए झाले, तीस बायकांना शिवण शिकवली, आणि हे माहीत नव्हतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी गठ्ठा जरा उचलून दाखवला. खाली कातडी ओली, लाल. "दोन आठवड्यांत हे सुटायला हवं, नाहीतर जखमा चिघळतील. विंचरून निघालं तर उत्तम. नाहीतर भूल देऊन सगळं भादरावं लागेल. पण ताई, वय झालंय, हृदयाचे ठोकेही ठीक नाहीत. याला भूल द्यायची मला भीती वाटते. आधी ब्रश बदलून बघा."

घरी येऊन आत्यांना सांगितलं. भादरायचं म्हटल्यावर त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "जट हाय ती. जटंला कात्री लावायची न्हाई, माया."

आत्यांच्या स्वतःच्या डोक्यात जट आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. माझे हे (आता फौजेत असतात) तेव्हा सहा वर्षांचे होते, टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. आत्यांना महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायलाही सवड नव्हती. केस गुंतले. एका देवऋषी बाईने सांगितलं, देवी आली, कापलीस तर पोरगं जाईल. पोरगं वाचलं, जट राहिली. आता मनगटाएवढी जाड झाली आहे, सदा पदराखाली. मान कायम डावीकडे कललेली. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा कात्रीचं बोलले होते, तर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरगा सीमेवर, आणि सून कात्रीचं बोलते! त्यांची भीती मला पटत नाही. पण कळते.

९ डिसेंबर, सोमवार

ब्रशांचं प्रदर्शन भरलंय घरात. ह्यांचा फोन आला होता. म्हणाले, "गोठ्यातला खरारा लाव, म्हैस कशी डोळे मिटून उभी राहते!" लावला. म्हैस उभी राहते, झिपऱ्या पलंगाखाली गेला.

ऑनलाइन मागवलेले दोन आले. एक दाताळ्यासारखा, त्याला आत पाती. माझ्याच दंडावर फिरवून बघितला आणि परत खोक्यात घातला. दुसरा रबराच्या गादीवर बोथट टाचण्या लावलेला. हा त्याने चालवून घेतला! काय आनंद मला! दहा मिनिटं फिरवला, केस चकचकीत. मग खालून हात घातला — गठ्ठे जिथल्या तिथे. नुसता वरवरचा थाट.

११ डिसेंबर, बुधवार

आता ब्रश दिसायच्या आधी कपाटाच्या आवाजालाच पळतो. पलंगाखालून माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी त्याची वैरीण. मीही फरशीवर बसून रडले. शिवण पडून आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज काहीतरी घडलं.

रुंद दातांची स्टीलची फणी आणली होती, बाजारात सुताच्या दुकानाशेजारी मिळाली. झिपऱ्याला दोन पायांत धरला, काखेतल्या गठ्ठ्याला फणी लावली. तो केकाटला. तेवढ्यात सोप्यातून आत्या ओरडल्या, "आगं, मुळाशी धर की! तू शेंड्याला वडतीस, पर कळ पार मुळात जाती!"

उठून आल्या. गुडघे दुखतात तरी खाली बसल्या. गठ्ठ्याचं बूड कातडीलगत मुठीत गच्च धरलं. "आता काय बी कर. वडलं तरी माज्या मुठीला कळंल, त्येला न्हाई." मी शेंड्याकडून एकेक केस सोडवत आले. झिपऱ्याने मान वळवून आत्यांचा हात हुंगला आणि डोकं खाली टेकलं. केकाटला नाही!

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"मला न्हाई तर कुनाला म्हाईत असनार?" एवढंच. आणि पदर सावरला.

अकरा वर्षांत त्या जटेबद्दल आत्या पहिल्यांदा बोलल्या. मी मान खाली घालून फणी फिरवत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार

रीत सापडली. आत्या मुळाशी धरतात. मी आधी खोबरेलाचं बोट लावते, मग बोटांनीच फोडते. फारच घट्ट असेल तर टाके उसवायचं माझं हत्यार. एवढे पैसे टाकून मागवलेल्या ब्रशांपेक्षा शिवणाच्या डब्यातला तो इवलासा आकडा भारी निघाला! गठ्ठा उभा चिरला की स्टीलची फणी शेंड्याकडून. रबराच्या गादीचा ब्रश अगदी शेवटी, लाडासाठी. पाच मिनिटं झाली की थांबायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा. आज फणी बघून पळाला नाही. भाकरीची दुरडी बघून आला, पण आला!

काखा सुटल्या. पोट सुटलं. एकच राहिलाय, डाव्या कानामागचा. कातडीला चिकटून बसलाय.

१७ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, तो फणीने नाही निघणार, कात्रीच लागेल. पण आता धरू देतोय तर भुलीची गरज नाही. हुश्श!

आत्यांना सांगितलं. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज, "आज नगं. देवीचा वार हाय."

१८ डिसेंबर, बुधवार

झिपऱ्या सकाळपासून कान खाजवत होता, नख्यांना रक्त लागलं. मी कात्री घेऊन बसले खरी, पण एका हाताने धरू कसा आणि कापू कसा? आत्या उंबऱ्यात उभ्या. किती वेळ! मग आल्या. "मी धरती. तू काप. पाप लागलं तर मला लागूंदे."

कापला. खाली रुपयाएवढी जखम, पू, वास. मी तोंड फिरवलं. आत्या मात्र बघतच राहिल्या. त्यांचा हात पदराखाली मानेकडे गेला आणि तिथेच थांबला. "मुकं जनावर. कुनाला सांगनार!" म्हणाल्या.

झिपऱ्याने डोकं झाडलं. पुन्हा झाडलं. मग त्याच कानावर आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला.

कापलेला गठ्ठा मी केरात टाकणार होते, तर आत्यांनी ताटलीत घेतला, हळदकुंकू वाहिलं आणि ओढ्याला सोडून आल्या. कुत्र्याच्या केसांना हळदकुंकू! मला हसू आलं. पण हसले नाही, बरं केलं.

२१ डिसेंबर, शनिवार

जखम सुकतेय. आत्या दिवसातून चार वेळा विचारतात — झिपऱ्या जेवला का, फिरला का, हगला का? एवढी माया कधी माझ्यावर केली नाही!

२३ डिसेंबर, सोमवार

झिपऱ्या ओकला. आत्या पांढऱ्याफटक पडल्या, जेवल्या नाहीत, देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. ह्यांना दोनदा फोन लावायला लावला — "इश्वजीत, बरा हाईस न्हवं? खरं सांग." शेवटी कळलं, झिपऱ्याने म्हशीची अर्धी पेंड हाणली होती. संध्याकाळी हा पठ्ठ्या पुन्हा भाकरीला हजर. आत्या रडल्या. एवढ्याशा गोष्टीला का रडल्या, मला उमगलं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

आत्यांनी ह्यांना स्वतःहून फोन लावला. मला बाहेर पाठवलं. माय-लेकांचं काय चाललंय कोण जाणे.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी आत्या अंगणात पाटावर येऊन बसल्या. पाठ माझ्याकडे, पदर खाली. ती जट मी पहिल्यांदा उन्हात बघितली.

"धा दिस झालं. झिपऱ्याला काय बी झालं न्हाई. इश्वजीतला बी इचारलंय, त्यो म्हनला, आई, काप. तुजी कात्री आन. मुळाशी धर बग."

धरली.