हात वर करायचा नाही

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगितली तर तुझ्या खालच्या मजल्यापर्यंत जाईल, म्हणून पत्र. आधी पाणी पी आणि खुर्चीत बस.

गेल्या वर्षी आम्ही दोघं दोन दिवस समुद्रकाठच्या त्या लहानशा गावी हवापालटाला गेलो होतो ना? हवापालट कसला डोंबलाचा! तिथे दर वर्षी पन्नाशीपुढच्यांची समुद्रात पोहायची स्पर्धा असते. किनाऱ्याकडेने दोन किलोमीटर, सव्वा तासाच्या आत. मी त्यात उतरले होते. होय, मीच, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली तुझी बहीण. गुडघे दुखतात म्हणून नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकले आणि मग वेडच लागलं.

पण झाली फजिती. निम्म्यावर आले तर किनाऱ्यावर आमचे कंट्रोलर दिसले. (बस डेपोतून निवृत्त होऊन यांना चार वर्षं झाली, पण घर अजून वेळापत्रकावरच चालतं, म्हणून मी कंट्रोलरच म्हणते.) त्यांना बघून इतका आनंद झाला की मी हात केला. आता पाण्यात हात वर केला म्हणजे वाचवा, असा तिथला नियम. मिनिटभरात बोट हजर! दोघांनी मला पोत्यासारखं उचलून आत घेतलं. अहो, मी नवऱ्याला हात केला, असं मी बोंबलतेय, पण ऐकतो कोण? बोटीत घेतलं की बाद.

तेव्हापासून एकच किडा डोक्यात वळवळतोय. हात केला नसता तर मी पोचले असते का? सगळ्यांना ठणकावून सांगते की आरामात पोचले असते. पण खरं म्हणजे मला माहीत नाही, ताई, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही. दहा तारखेला, शनिवारी पहाटे गाडीने निघतोय, रविवारी सकाळी स्पर्धा. हवं तेवढं रागव, पण आशीर्वाद पाठव.

राग दोन दिवस, लोभ मात्र कायमचा असू दे.
तुझी
धाकटी


दि. ५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. (रागात दिलेलेही लागू पडतात.)

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. छप्पन्न वर्षांची घोडी झालीस आणि समुद्रात उड्या मारतेस? आणि वर्षभर माझ्यापासून लपवलंस! इथे मी सगळ्या शेजारणींना सांगत होते की माझी बहीण हवापालट करून कशी टवटवीत झालीय.

तू विचारलं नाहीस, तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नसतीस पोचलीस. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तुझी नस न् नस मला ठाऊक आहे. सायकल शिकलीस ती पहिल्यांदा पडेपर्यंत. टायपिंग पहिल्या परीक्षेपर्यंत. पेटी तर दुसऱ्या आठवड्यातच कपाटावर गेली. जरा जड गेलं की तू अंग काढून घेतेस. कडू लागेल, पण तोंडावर सांगणारी मी एकटीच उरलेय.

जाऊ नकोस असं लिहिणार होते, पण तू कसली ऐकतेस! निदान नवऱ्याला किनाऱ्यावर हात मागे बांधून उभं कर. पोचलीस तर लगेच लिही. नाही पोचलीस तरी लगेच लिही, मला इथे झोप लागणार नाही.

कान गेले तरी जीव तुझ्यातच अडकलेली,
ताई


दि. १० फेब्रुवारी, संध्याकाळ ६.२०

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमची बहीण लिहायच्या मनःस्थितीत नाही, म्हणून मी लिहितो. पहाटे ५.१० ला निघालो. ७.४५ ला मागचं टायर बसलं, ८.२० ला बदललं. त्या पस्तीस मिनिटांत तिने रस्त्याकडेला उभं राहून हवेत हात मारायचा सराव केला. एका ट्रकवाल्याने थांबून काही मदत हवी का म्हणून विचारलं. ११.३० ला पोचलो. लॉज स्वच्छ आहे, खिडकीतून मासेमारीच्या होड्या दिसतात.

इथवर सगळं वेळेत. दुपारी ती सरावाला पाण्यात उतरली आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. सरळ जायचं तर भरकटत पार होड्यांच्या धक्क्याला जाऊन लागली. पुन्हा उतरली, पुन्हा तेच. तलावात तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून ती बरोबर जाते. समुद्राला कुठली आलीय रेघ! गेल्या वर्षी उसळत्या उत्साहात हे जाणवलंच नव्हतं. असं वाकडं गेलं तर दोनाचे तीन किलोमीटर होणार आणि वेळ संपणार, हे गणित मीच तिला करून दाखवलं. दाखवायला नको होतं. आता म्हणतेय, ताईचं खरं आहे, उद्या उजाडताच घरी जाऊ.

जेवणाला हात लावला नाही. लॉजच्या मालकीणबाईंकडे मशीन आहे, त्यांचे उसवलेले पडदे मागून घेतलेत आणि खाली बसून शिवतेय. छत्तीस वर्षं बस वेळेवर सोडल्या, पण ही गाडी कशी सोडायची ते मला सुचत नाही. तुम्हीच मनातल्या मनात काहीतरी बोला तिच्याशी.

आपल्या मायेतला,
कंट्रोलर


दि. ११ फेब्रुवारी, दुपार

ताई,
नमस्कार वगैरे सगळं मागाहून. पोचले! पोचले, पोचले, पोचले! एकाहत्तर मिनिटं. शेवटून पहिली!

काल हे वर बसून तुला पत्र लिहीत होते आणि मी खाली पडद्याला टीप मारत होते. तिसरा पडदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की टीप सुतासारखी सरळ आलीय आणि मी सुईकडे एकदाही बघितलेलं नाही. सुईकडे बघत बसलं की शिवण हमखास वाकडी जाते, नजर पुढे काठावर हवी. दुकानात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला हेच तर मी घसा फोडून सांगते! आणि समुद्रात मी काय करत होते? खाली बघत रेघ शोधत होते. तशीच उठून वर गेले आणि कंट्रोलरना सांगितलं की उद्या घरी जायचं नाही.

सकाळी किनाऱ्यावर स्पर्धा संपते तिथल्या खांबामागची पांढरी पाण्याची टाकी हेरून ठेवली. दर दहा हातांनी डोकं वर, टाकी बघायची, पुन्हा खाली. काय सांगू, बाणासारखी जात होते!

निम्म्यावर आले आणि खांदे भरून आले. पोटरीत गोळा. पाणी नाकातोंडात. बोट शेजारी आली, त्यातल्या माणसाने ठीक आहात ना असं विचारलं. हे किनाऱ्यावर हात मागे बांधून पुतळ्यासारखे उभे. आणि ताई, त्या क्षणी मला हात वर करावासा वाटला. फार वाटला. तेव्हा कळलं की गेल्या वर्षीही मी इथे अशीच थकले होते. तो हात थोडा नवऱ्याला होता आणि थोडा बोटीला. वर्षभर मी सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, थापा मारल्या. तुझं बरोबर होतं. नसते पोचले.

मला तुझा इतका राग आला, इतका राग आला! बोटवाल्याला ओरडून सांगितलं की बाबा रे, लांब हो. पोटरी दुखतेय तर दुखू दे, तसाच पाय ओढला. दहा हात, टाकी. दहा हात, टाकी. पाय वाळूला लागले तेव्हा अख्खा किनारा टाळ्या वाजवत होता. मला उभं राहता येईना, म्हणून गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. कंट्रोलर बुटांसकट पाण्यात आले, शेजारी बसले आणि माझ्याहून मोठ्याने रडले. परतीची वेळ टळून दोन तास झाले, पण घड्याळाकडे बघतसुद्धा नाहीयेत.

तुझ्या रागालोभाची आयुष्यभराची गिऱ्हाईक,
धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
उदंड आशीर्वाद, या वेळी अजिबात न रागावता.

पाकीट पोस्टमनच्या हातून ओढून घेतलं आणि दारातच फोडलं. आधी शेवटी तुझी सही आहे ना ते बघितलं, मग जीव भांड्यात पडला. मग वाचलं.

बरोबर होतं म्हणे! मी गेल्या वर्षीच्या तुझ्याबद्दल लिहिलं आणि समजत होते या वर्षीच्या तुझ्याबद्दल लिहितेय. ती सायकलवरून पडलेली पोर मी अजून डोळ्यांसमोरून हलवलीच नव्हती. चुकले. हे मी कोणाला लिहून दिलेलं नाही, तेव्हा जपून ठेव.

पोस्टमन बिचारा ताटकळला होता, म्हाताऱ्या बाईला काही वाईट बातमी आली की काय म्हणून. त्याला म्हटलं, माझी बहीण समुद्र पोहून आली. दोन किलोमीटर म्हणायला हवं होतं, पण तोंडातून समुद्रच निघाला. त्याने डोळे मोठे करून अख्खा का म्हणून विचारलं. चाळीस वर्षं मास्तरकी केली, मुलांचा एक आकडा चुकू दिला नाही. पण त्याला मी छातीठोकपणे हो म्हणून सांगितलं, अख्खा.

लोभ होताच, आता अभिमानाने फुगलेली,
ताई